फिल्टर वाढवला तरी रीडिंग डुलतंच

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) शेडमधून येणाऱ्या फोनमध्ये एक तक्रार ठरलेली असते. "रीडिंग हलत होतं म्हणून फिल्टर वाढवला, चार दिवस बरं चाललं, आता परत तेच." मग फिल्टर, म्हणजे सिग्नलमधला नको तो गोंधळ (नॉइज) गाळणारी सोय, आणखी एक पायरी वर जातो. होता होता रीडिंग इतकं सुस्त होतं की हॉपर (माल तोलून भरायचं भांडं) काठोकाठ भरला तरी आकडा अजून चढतच असतो, आणि मग रोजची बॅच चुकायला लागते. म्हणजे एका तक्रारीच्या दोन झाल्या.

फिल्टर निवडताना बहुतेक जण फक्त नको असलेल्या गोष्टीकडे बघतात. हवा असलेला सिग्नल किती वेगाने बदलतो, नॉइज कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आहे आणि तो सर्किटमध्ये नेमका कुठून शिरतो, या तीन गोष्टी कळल्या की फिल्टर जवळजवळ आपोआप ठरतो. त्यातली एक जरी अंदाजाने धरली तरी तक्रार परत येते. खालची उदाहरणं वजन, तापमान आणि पॉवर मोजण्याची आहेत, कारण बडोद्यात कामं तीच जास्त.

आधी नॉइजची ओळख

इंडिकेटरच्या (वजनाचा आकडा दाखवणाऱ्या डब्याच्या) मेनूत शिरण्याआधी स्कोप, म्हणजे ऑसिलोस्कोप, लावा, साधा डिजिटल पुरतो. ट्रिगर 'लाइन'वर ठेवा. तरंग पडद्यावर थांबून राहिला तर तो मेन्सशी बांधलेला आहे. ५० हर्ट्झ असेल तर शेजारच्या पॉवर केबलमधून आलेला किंवा अर्थ लूपचा (अर्थ दोन ठिकाणी जोडली गेल्याने तयार होणाऱ्या वाटेचा). १०० हर्ट्झ असेल तर तो सप्लायमधल्या रेक्टिफायरचा रिपल, बहुधा सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे. तिथे फिल्टर शोधत बसू नका, कपॅसिटर बदला. काही किलोहर्ट्झचे दाट काटे (स्पाइक) दिसले तर ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीवर, संशय घ्यायचा. व्हीएफडीची स्विचिंग फ्रिक्वेन्सी साधारण २ ते १६ किलोहर्ट्झच्या दरम्यान असते. ती पॅरामीटरमधून थोडी बदलून बघा, काट्यांमधलं अंतर त्याबरोबर बदललं तर आणखी पुरावा नको.

स्कोपची अर्थ क्लिप मात्र जपून लावा. ती आतून मेन्सच्या अर्थला जोडलेली असते, त्यामुळे ४–२० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये (रीडिंग करंटच्या रूपात नेणाऱ्या तारांत) कुठेही चिकटवली की तुम्हीच एक नवा अर्थ लूप तयार करता आणि मग त्याचाच नॉइज मोजत बसता. बॅटरीवरचा हातातला स्कोप घ्या, नाहीतर दोन चॅनेल लावून वजाबाकी करा.

नॉइज कुठून शिरतो हे शोधायला डमी ब्रिजसारखं साधन नाही. ३५० ओहमचे चार रेझिस्टर चौकोनात जोडायचे, लोड सेल (वजनाचा सेन्सर) सोडवून त्याच्या जागी लावायचे. आधी इंडिकेटरच्या टर्मिनलवर, मग केबलच्या पार शेवटी. टर्मिनलवरच आकडा हलत असेल तर दोष इंडिकेटरचा किंवा त्याच्या सप्लायचा. तिथे स्थिर आणि केबलच्या टोकाला हलतो, तर केबल किंवा तिचं शिल्ड. दोन्हीकडे स्थिर आणि सेल जोडला की हलतो, तर हॉपर खरोखरच हलतो आहे. ही शक्यता लोक विसरतात. मिक्सरची पाती मिनिटाला ४८ फेरे घेत असतील तर सेलवर ०.८ हर्ट्झचं खरं बल येतं. तिथे साध्या लो-पासपेक्षा (फक्त सावकाश बदल पुढे सोडणाऱ्या फिल्टरपेक्षा) चालती सरासरी कामाला येते, म्हणजे मागच्या ठरावीक वेळेतल्या, 'खिडकी'तल्या, रीडिंगची सरासरी. खिडकी बरोबर एका फेऱ्याएवढी, म्हणजे १.२५ सेकंदांची ठेवा, डुलणं जवळपास पुसलं जातं. खिडकी १ सेकंदाची ठेवली तर जवळपास पाव भाग उरतो, २ सेकंदांची केली तरी पाचवा भाग उरतोच, आणि लोक म्हणतात फिल्टर बिघडलाय.

वीस सेकंदांचं डुलणं

आता ज्या प्रकाराने सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय तो. ५०० किलोचा हॉपर. इंडिकेटरवरचा आकडा दगडासारखा स्थिर. त्याच इंडिकेटरचा ४–२० मिलिअँपिअर सिग्नल पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) जातो, आणि संगणकावरच्या ट्रेंडमध्ये वजन अर्धा-पाऊण किलो वर, अर्धा-पाऊण किलो खाली, सावकाश डुलतंय. कधी वीस सेकंदांत एक हेलकावा, कधी दहात, कधी पन्नासात. दुपारी एक चाल, रात्री दुसरी. मेंटेनन्सचे काका वैतागून म्हणतात, "अरे, लोड सेल बदलला, केबल बदलली, तरी हे भूत जात नाही."

डुलणं सावकाश असलं की सगळे त्याला ड्रिफ्ट समजतात, आणि ड्रिफ्ट म्हटलं की सेलकडे बोट जातं. पण सेलचा ड्रिफ्ट असता तर इंडिकेटरवरही दिसला असता. हा ५० हर्ट्झचाच नॉइज आहे, वेश बदलून आलेला.

पीएलसीचा प्रोग्रॅम दर १०० मिलिसेकंदांनी रीडिंग उचलतो, म्हणजे सेकंदाला १० वेळा. अ‍ॅनालॉग कार्ड 'फास्ट' मोडवर ठेवलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक रीडिंग एका क्षणाचं. मेन्स बरोबर ५० हर्ट्झवर असती तर दर १०० मिलिसेकंदांत तिचे नेमके पाच फेरे झाले असते, प्रत्येक रीडिंग तरंगाच्या एकाच जागी पडलं असतं आणि आकड्यात फक्त एक कायमची चूक राहिली असती. ग्रिड मात्र ५० ला खिळलेली नसते. आपल्या ग्रिड कोडमधला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. ४९.९५ वर असताना ५० मधला फरक ०.०५ हर्ट्झ, म्हणून २० सेकंदांचा हेलकावा. ४९.९० ला १० सेकंदांचा, ४९.९८ ला ५० सेकंदांचा. दुपारी आणि रात्री चाल वेगळी का, याचं उत्तर इथे आहे. एलियासिंग म्हणतात ते हेच, आणि त्यात तरंगाची उंची तसूभरही कमी होत नाही. लूपवर ०.०२ मिलिअँपिअरचा रिपल असला तर १६ मिलिअँपिअरच्या पट्ट्यात, ५०० किलोवर, तो सहाशे ग्रॅमच्या वर जातो.

खात्री करायची असेल तर वाचनाचा अवधी १०० वरून ९५ मिलिसेकंद करा. खरं वजन डुलत असेल तर काही बदलणार नाही. एलियासिंग असेल तर संथ हेलकावा गायब होऊन त्याच्या जागी सेकंदाला अडीच-तीन वेळा होणारी थरथर येते. एका मिनिटाची चाचणी आहे, लोड सेलच्या खर्चापुढे फुकटच.

अशा ठिकाणी प्रोग्रॅममधला फिल्टर वाढवून काय होतं ते बघा. २ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (फिल्टर किती सुस्त ते सांगणारा वेळ) ठेवलात तर २० सेकंदांच्या हेलकाव्यातला ८५ टक्के भाग तसाच पुढे जातो. त्याच वेळी हॉपर सेकंदाला २ किलोने भरत असेल तर आकडा खऱ्या वजनाच्या ४ किलो मागे चालतो. भरण्याचा वेग गुणिले टाइम कॉन्स्टंट, एवढाच हिशोब. चालत्या सरासरीत खिडकीच्या निम्मा वेळ धरायचा. फिल्टरची किंमत अशी किलोत काढून शेठच्या पुढे ठेवली की पुढचं बोलणं सोपं होतं.

एकदा सॅम्पल झालं की तो ५० हर्ट्झ आणि खरोखर सावकाश बदलणारं वजन यांत कुठलाही प्रोग्रॅम फरक करू शकत नाही. म्हणून उपाय सॅम्पलिंगच्या आधी. बऱ्याच अ‍ॅनालॉग कार्डांत इंटिग्रेशन टाइम किंवा 'नॉइज सप्रेशन ५० हर्ट्झ' अशी निवड असते. २० मिलिसेकंद निवडा. मेन्सच्या एका पूर्ण फेऱ्यावर सरासरी काढली की ५० हर्ट्झ आणि त्याचे सगळे पटीतले तरंग, १००, १५०, २००, एकदम खाली जातात. ग्रिड ४९.९५ वर असली तरी ५० हर्ट्झ हजारपट कमी होतो, ४९.९० वर पाचशेपट. डिजिटल मल्टीमीटरवर 'एनपीएलसी १' (मेन्सचा एक फेरा) लिहिलेलं असतं ते हेच. ६० हर्ट्झच्या देशातून आलेलं कार्ड बहुधा १६.७ मिलिसेकंदांवर ठेवलेलं असतं. बसवताना कोणी बघत नाही आणि मग वर्षभर तक्रारी येत राहतात.

कार्डात ती सोय नसेल तर बाहेर २५० ओहमचा शंट (करंटचं व्होल्टेज करणारा रेझिस्टर) घ्या, त्याच्यावर १०० मायक्रोफॅरड लावा आणि कार्ड व्होल्टेज मोडमध्ये चालवा. कटऑफ (जिथून फिल्टर कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) साधारण ६.४ हर्ट्झ येतो, ५० हर्ट्झ आठपट कमी होतो आणि मागे पडणं फक्त २५ मिलिसेकंदांचं, म्हणजे त्याच हॉपरवर ५० ग्रॅम. लूपवर हार्ट कम्युनिकेटर (त्याच तारांवरून उपकरणाशी डिजिटल बोलणारं यंत्र) वापरत असाल तर मात्र हा कपॅसिटर चालणार नाही. हार्टचे १२०० आणि २२०० हर्ट्झ तो गिळून टाकतो.

आरसी निवडताना

आरसी म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटरचा साधा फिल्टर. हिशोबासाठी पाठ करायचं एकच सूत्र: कटऑफ (हर्ट्झमध्ये) = १५९ ÷ (किलोओहम × मायक्रोफॅरड). १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड, १५९ हर्ट्झ. कटऑफवर सिग्नल ७०.७ टक्के उरतो, त्यापुढे फ्रिक्वेन्सी दहापट झाली की उंची दहापट कमी. पण कटऑफ ही भिंत नाही. त्याच्या खालच्या भागातही थोडी घट आणि फेजचा फरक होतोच. आणि रीडिंग अंतिम किमतीच्या ०.१ टक्क्यापर्यंत यायला जवळजवळ सात टाइम कॉन्स्टंट लागतात, हे स्कॅनरवर (एका मीटरने अनेक चॅनेल पाळीपाळीने वाचणाऱ्या यंत्रावर) चॅनेल बदलणाऱ्यांनी लिहून ठेवावं. चॅनेल बदलल्याबरोबर रीडिंग घेतलं तर त्यात मागच्या चॅनेलची शेपटी येते.

थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीवर) घाईने मोठा रेझिस्टर लावण्याची सवय फार. एका तारेत १० किलोओहम टाकला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला लागणारा बारीक करंट (बायस करंट) १० नॅनोअँपिअर असला तर त्या रेझिस्टरवर १०० मायक्रोव्होल्ट पडतात. 'के' टाइपला एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे जवळपास अडीच अंशांची चूक, आणि तीही अगदी स्थिर! रीडिंग हलायचं थांबतं, सगळे खूश होतात, आणि भट्टी चुकीच्या तापमानावर चालत राहते. तुटलेला थर्मोकपल ओळखणारा करंट चालू असेल तर चूक आणखी वाढते. रेझिस्टर १०० ओहम ते १ किलोओहममध्येच ठेवा, दोन्ही तारांत सारखा, १ टक्क्याचा. दोन तारांच्या मधला कपॅसिटर प्रत्येक तारेपासून अर्थला जाणाऱ्या कपॅसिटरच्या निदान दहापट हवा. अर्थकडचे दोन कपॅसिटर एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच आलेला नॉइज तारांमधला फरक बनून आत शिरतो. मधला मोठा कपॅसिटर तो झाकतो.

कोणी विचारेल, कार्ड जर ५० हर्ट्झ स्वतः मारतं तर बाहेरचा आरसी कशाला? ड्राइव्हचे काटे आणि वॉकीटॉकी यांच्यासाठी. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी पोहोचलेली रेडिओ फ्रिक्वेन्सी त्यातल्या ट्रान्झिस्टरमध्ये रेक्टिफाय होते आणि डीसी चूक बनून बसते. डीसी झाल्यावर कुठला फिल्टर काढणार? पॅनेलजवळ सिक्युरिटीवाल्याला वॉकीटॉकीवर बोलायला सांगा. आकडा उडी मारून तिथेच थांबला आणि बटण सोडल्यावर परत आला, तर इनपुटला छोटा आरसी हवा. कामाची वाटणी अशी: वरच्या फ्रिक्वेन्सी आरसीने, ५० हर्ट्झ इंटिग्रेशनने, आणि उरलेलं किरकोळ हलणं प्रोग्रॅमने.

कपॅसिटर हाताला लागेल तो लावू नका. एक्स७आर सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची किंमत घटते, शिवाय धक्का बसला की तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो. बोर्डवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने टकटक करा, आकडा नाचला तर तोच. सिग्नलच्या वाटेवर फिल्म किंवा सी०जी प्रकारचा कपॅसिटर लावा.

पॉवर मोजताना फिल्टर नुसताच लावू नका

बडोद्यात ट्रान्सफॉर्मरची कामं भरपूर, म्हणून हे जरा सविस्तर. लॉस (ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी पॉवर) मोजताना पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती मागेपुढे आहेत त्यावर ठरणारा आकडा, अनेकदा ०.१ च्या आसपास असतो. करंटच्या चॅनेलवर नॉइज दिसला म्हणून कोणी फक्त त्याच चॅनेलवर २.५ किलोहर्ट्झचा आरसी लावतो. ५० हर्ट्झवर उंचीतला फरक ०.०२ टक्के, कॅलिब्रेशनमध्ये पकडतासुद्धा येणार नाही. पण फेज १.१५ अंशांनी मागे जातो, आणि ०.१ पॉवर फॅक्टरला तेवढ्याने वॉट जवळजवळ २० टक्के कमी दिसतात. लॉस कमी दिसला की कोणी तक्रार करत नाही, ही यातली खरी अडचण. ग्राहकाच्या चाचणीत आकडा वेगळा येतो तेव्हा वाद सुरू होतो. दोन्ही चॅनेलवर तंतोतंत एकच फिल्टर, नाहीतर कुठेच नाही.

इम्पल्स टेस्टचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला विजेसारखा क्षणिक झटका देऊन तपासण्याचं, गणित वेगळं. तिथे १.२ मायक्रोसेकंदांची चढण मोजायची असते. चढायला लागणारा वेळ म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ. १०० किलोहर्ट्झचा फिल्टर एकटाच ३.५ मायक्रोसेकंद खातो. त्यामानाने स्कोपवरचं २० मेगाहर्ट्झचं बटण १७.५ नॅनोसेकंदांचं, ते खुशाल दाबा.

फिल्टरच्या जातींवरून (बेसेल, बटरवर्थ, चेबिशेव्ह) कलाभवनातून, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, पास होऊन आलेली मुलं हिरिरीने वाद घालतात. कामापुरतं एवढं: शिखर किंवा झटका मोजायचा असेल तर बेसेल, कारण चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ पायरीसारख्या सिग्नलवर जवळजवळ ११ टक्के वर उसळतो आणि बेसेल एक टक्काही नाही. प्रेसवरचं कमाल बल बटरवर्थमधून मोजलं तर प्रेसमध्ये कधी नव्हताच तो भार अहवालात येतो. व्हायब्रेशनमध्ये वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींची उंची हवी असेल तर बटरवर्थ. चेबिशेव्हचा पट्टा सपाट नसतो, मापनात त्याच्या वाटेला सहसा जाऊ नये. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा) कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात घटकांच्या किमती सरकल्या की खाच बाजूला जाते आणि १५० व २५० हर्ट्झ तर तो तसेच सोडतो.

फिल्टरने न सुटणाऱ्या गोष्टी

कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) पडला की येणारा एकटा काटा सरासरीने जात नाही, तो पसरतो फक्त. पाच रीडिंगमधलं मधलं उचलणारा मीडियन फिल्टर त्याला साफ काढतो. त्याहून बरं म्हणजे कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी), डीसी कॉइल असेल तर उलटा डायोड.

पावसाळ्यात जंक्शन बॉक्समध्ये दमट हवा शिरली की वजन तासातासाने सरकतं. हा खरा ड्रिफ्ट. इंडिकेटर सोडवा, ब्रिजच्या तारा एकत्र करून शिल्डपर्यंतचा इन्सुलेशन रेझिस्टन्स ५० व्होल्टने मोजा. ५०० व्होल्टचा मेगर लोड सेलवर वापरायचा नाही. हजारो मेगओहमच्या जागी पाच-दहा दिसले तर बॉक्स उघडा, वाळवा, ग्लँड बदला. विश्वामित्री नदीचं पाणी आत आलेल्या शेडमध्ये वाळवण्यातही वेळ घालवू नका, केबल कापून नवीन टाका.

मेन्सच्या लाइनवरचा ईएमआय फिल्टर (विद्युत व्यत्यय रोखणारा) अर्थ नसलेल्या बोर्डवर लावला तर उलटा त्रास देतो. त्यातले कपॅसिटर कॅबिनेटला लाइनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत ठेवतात, हात लावला की मुंग्या येतात आणि सगळा नॉइज सिग्नलच्या कॉमनवर येतो. रावपुरा, दांडिया बाजारच्या जुन्या इमारतींतल्या टेबलांवर दोन पिनांचा, म्हणजे अर्थ नसलेला, अडॅप्टर सापडला की मी पुढचं काही बघतच नाही.

आणि व्हीएफडीच्या आउटपुटवर व्होल्टेज मोजताना मल्टीमीटरचं लो-पास बटण दाबा. नाहीतर स्विचिंगमुळे आकडा मोटरला प्रत्यक्षात जाणवणाऱ्या व्होल्टेजपेक्षा जास्त येतो. पण लाइन मेली आहे का हे तपासताना तेच बटण बंद पाहिजे. ते चालू असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीचं जिवंत व्होल्टेज मीटर कमी दाखवतो, आणि त्या टर्मिनलला पुढे हात तुम्हीच लावणार असता.